एकाच तराजूत: बेळगाव, गोवा, विदर्भ आणि क्युबेक

१ नोव्हेंबर हा दिवस मोठा गमतीचा आहे. बेळगावात त्या दिवशी एका रस्त्यानं लाल-पिवळे झेंडे घेऊन कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक जाते आणि दुसऱ्या रस्त्यानं काळ्या फिती लावून मराठी माणसं सायकल फेरी काढतात. दोघांचं निमित्त एकच, १९५६ चा राज्य पुनर्रचना कायदा. एकाला त्या दिवशी घर मिळालं, दुसऱ्याच्या घराचा पत्ता बदलला.

आणि तिथून एकशेदहा किलोमीटरवर, कोल्हापुरात आम्ही काय करतो? फॉरवर्ड करतो. 'बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही घोषणा शाहूपुरीतल्या लहान पोरालाही पाठ असते. फार तापलं तर स्टँडवरच्या कर्नाटकच्या गाडीवर काळा रंग फासतो. मग तिकडं महाराष्ट्राच्या गाडीवर दगड पडतो, दोन दिवस बससेवा बंद होते आणि निपाणीहून इकडं रोज कामाला येणारा मराठी माणूसच घरी बसतो. असो.

मुद्दा वेगळाच आहे. हाच घोषणा देणारा कोल्हापूरकर नागपूरच्या माणसानं 'आम्हाला वेगळा विदर्भ पाहिजे' म्हणलं की भडकतो. 'महाराष्ट्र तोडायला निघालेत!' बेळगावचा मराठी माणूस 'मला या राज्यात राहायचं नाही' म्हणतो तेव्हा तो लढवय्या आणि विदर्भातला माणूस तेच वाक्य म्हणतो तेव्हा फुटीर? शब्द बघा कसे निवडलेत. आमचं ते 'एकीकरण', तुमचा तो 'फुटीरतावाद'. बंगळूरला हेच शब्द बरोबर उलटे वापरतात.

माझं म्हणणं दोन ओळींत सांगतो. पहिलं, लोकांनी कुठल्या राज्यात राहायचं याला तराजू एकच असावा. दुसरं, अशा चळवळीच्या पक्षाला मिळालेली मतं आणि त्या मागणीला मिळालेली मतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेते त्या एक समजतात, विरोधक सोयीनं एक समजतात आणि प्रश्न तिथंच सडतो.

आधी जरा लांबचं

आमच्या धंद्यातली बरीच पोरं हल्ली कॅनडात आहेत. टोरांटोच्या घरभाड्याबद्दल ती तासभर बोलतील, पण त्या देशाचे १९९५ साली दोन तुकडे व्हायचे थोडक्यात वाचले हे फारशा कुणाला ठाऊक नसतं. क्युबेक हा तिथला फ्रेंच भाषिक प्रांत. भाषा वेगळी, धर्माचा पंथ वेगळा, इंग्रजी बोलणाऱ्यांनी आपल्याला दाबलं ही दोनशे वर्षांची सल. १९७६ मध्ये रेने लेवेक यांच्या पार्टी क्युबेक्वानं तिथली प्रांतिक निवडणूक जिंकली. पक्षाचं ध्येय सरळ होतं, क्युबेकला सार्वभौम करायचं. लेवेक यांनी शब्द पाळला आणि २० मे १९८० ला सार्वमत घेतलं. जवळजवळ ६० टक्के लोक 'नाही' म्हणाले.

आता आपल्याकडच्या हिशोबानं या पक्षाचा खेळ खलास व्हायला हवा होता. पण १९८१ च्या निवडणुकीत त्याच लोकांनी त्याच लेवेकना परत निवडून दिलं, तेही आधीपेक्षा जास्त मतांनी! म्हणजे मतदार म्हणत होता, 'बाबा रे, तू सरकार चांगलं चालवतोस, आमच्या भाषेची काळजी घेतोस, तू राहा. पण देश सोडायचं काढू नकोस.' इतकं सोपं.

दुसरं सार्वमत ३० ऑक्टोबर १९९५ ला झालं. मतदान ९३ टक्क्यांच्या वर. 'नाही' ५०.५८ टक्के, 'होय' ४९.४२ टक्के. फरक ५४ हजार मतांचा. त्या रात्री क्युबेकचे पंतप्रधान जाक पारिझो यांनी भाषणात पैसा आणि परक्या वंशाची मतं यांना पराभवाचं कारण ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा जाहीर केला. हरल्यावर नेत्याच्या तोंडून काय बाहेर पडतं, त्यावरून चळवळीच्या पोटात काय आहे ते कळतं. 'आपली' माणसं कोण हे त्यांनी मनात आधीच ठरवलेलं होतं.

मात्र पुढं त्या देशानं एक शहाणपणा केला. १९९८ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कुठल्याही प्रांताला एकतर्फी फुटून निघता येणार नाही, पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमतानं लोकांनी कौल दिला तर उरलेल्या देशाला वाटाघाटीला बसावंच लागेल, कान बंद करून चालणार नाही. २००० साली त्याचा कायदाही झाला. स्पष्ट प्रश्न, स्पष्ट बहुमत, मग चर्चा. हे तीन शब्दप्रयोग लक्षात ठेवा, परत लागतील.

भाऊसाहेब बांदोडकर जिंकले, हरले, परत जिंकले

क्युबेकची ही गोष्ट आपल्याकडं तेरा वर्षं आधी घडून गेली होती. तीही मराठीत.

गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. १९६३ च्या डिसेंबरात पहिली निवडणूक झाली. समोरासमोर दोन पक्ष होते. दयानंद उर्फ भाऊसाहेब बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, ज्याच्या नावातच उद्देश लिहिलेला: गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा. आणि जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स, ज्याचा उद्देश बरोबर उलटा. मगो पक्ष जिंकला, बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले आणि मुंबईत सगळ्यांनी गृहीत धरलं की झालं, गोवा आला. काँग्रेस या निवडणुकीत अक्षरशः झोपली होती.

पण गोव्यातल्या विलीनीकरण-विरोधकांनी एक मागणी लावून धरली. निवडणूक ही विलीनीकरणावरचा कौल नाही, त्या एकाच प्रश्नावर वेगळं मत घ्या. दिल्लीनं ते मानलं. १९६६ मध्ये संसदेत त्यासाठी कायदा झाला. मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून बांदोडकरांच्या सरकारनं आधी राजीनामा दिला. आज हे वाक्य परीकथेतलं वाटतं, पण दिला. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं. विलीनीकरणाला फुलाची खूण, केंद्रशासित राहण्याला दोन पानांची. दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. चौतीस हजारांच्या फरकानं गोवा वेगळा राहिला.

आणि दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभा निवडणूक झाली. कोण जिंकलं? बांदोडकर! ऑगस्ट १९७३ मध्ये निधन होईपर्यंत तेच मुख्यमंत्री होते.

का, ते बघण्यासारखं आहे. बांदोडकरांच्या मागं गोव्यातला बहुजन समाज होता. खेडोपाडी शाळा काढल्या, १९६४ मध्ये कूळकायदा आणला, भाटकारासमोर मान खाली घालून उभ्या राहणाऱ्या माणसाला ती वर करता आली. त्या माणसाला बांदोडकर पाहिजेच होते. पण त्यातल्याच काहींनी विचार केला की पणजीत माझं सरकार माझ्या हाताशी आहे, मुंबईत गेल्यावर मी तीसेक जिल्ह्यांतल्या एका कोपऱ्यातला. शिवाय महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदीचा कायदा होता, हेही कारण अगदीच नगण्य नव्हतं म्हणतात. (गोवेकर मित्रांनी राग मानू नये.)

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट कुठली वाटते सांगू? विलीनीकरणाच्या विरोधातला प्रचार मोठ्या प्रमाणावर मराठीतून झाला. मडगावचं 'राष्ट्रमत' हे मराठी दैनिक, त्यातलं उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर. विलीनीकरण नको हे मराठीतून, मराठी वाचणाऱ्यांना पटवून दिलं गेलं. म्हणजे 'मराठी वाचतो म्हणजे महाराष्ट्रात यायचं आहे' हे आमचं गृहीतक १९६७ मध्येच मोडीत निघालं. भाषा आणि राज्य या एकाच फाइलच्या दोन प्रती नव्हेत. आम्ही अजून त्या तशाच समजतो.

आणि गोवेकरांना विचारलं तरी गेलं. बेळगावला कुणी विचारलं?

बेळगावचा हिशोब

१९५६ च्या कायद्यानं बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, फक्त चंदगड तालुका वगळून. चंदगड आपल्या कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. आज चंदगडचा माणूस दवाखाना, बाजार, कॉलेज यासाठी सर्रास बेळगाव गाठतो, कारण कोल्हापूर त्याला लांब पडतं. कागदावर एक रेघ आली आणि पायाखालचा रस्ता तोच राहिला.

मग १९६६ मध्ये सेनापती बापटांचं उपोषण, त्यानंतर नेमलेला न्या. मेहरचंद महाजन यांचा आयोग, १९६७ चा अहवाल. आयोगानं निपाणी, खानापूरसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत असं म्हटलं आणि २४७ गावं कर्नाटकाला. बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच ठेवलं. महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला, कर्नाटकानं जशाचा तसा मागितला आणि सगळंच राहिलं. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. वीस वर्षं उलटून गेली. तेवढ्या काळात कर्नाटकानं बेळगावात सुवर्णसौध उभारलं (२०१२), शहराचं नाव बेळगावी केलं (२०१४), दर हिवाळ्यात तिथं अधिवेशन भरवायला लागलं. आम्ही? डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात ८६५ गावांचा ठराव एकमतानं केला. ठराव करण्यात आमचा हात कुणी धरणार नाही.

आता महाराष्ट्र एकीकरण समितीकडं येऊ. या संघटनेबद्दल मला मनापासून आदर आहे. पिढ्यानपिढ्या लाठ्या खाल्ल्या, १९८६ चं कन्नडसक्ती विरोधी आंदोलन केलं, माणसं गमावली. कोल्हापुरात राहून हा प्रश्न शेवटपर्यंत लावून धरणारे प्रा. एन. डी. पाटील जानेवारी २०२२ मध्ये गेले. त्या पिढीची निष्ठा वादातीत आहे. पण निष्ठा वेगळी आणि डावपेच वेगळे.

समितीनं निवडणुकीकडं कायम सार्वमत म्हणून बघितलं. आमदार निवडून आले की जगाला सांगायचं, बघा, लोकांना महाराष्ट्रात यायचंय. याचं टोक म्हणजे १९९६ ची लोकसभा. देशाचं लक्ष वेधायचं म्हणून बेळगाव मतदारसंघात ढिगानं अर्ज भरले गेले. रिंगणात एकूण ४५६ उमेदवार! मतपत्रिकेचं पुस्तकच. देशाचं लक्ष वेधलं गेलं खरं, पण परिणाम काय झाला? त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेची अनामत पाचशेवरून दहा हजार रुपये झाली. प्रश्न होता तिथंच, फॉर्म मात्र महागला.

२००५ मध्ये समितीच्या ताब्यातल्या बेळगाव महापालिकेनं महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला, तर सरकारनं पालिकाच बरखास्त केली आणि महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बंगळुरात काळं फासलं गेलं. हा निखळ अन्याय होता, यात दुमत नको. निवडून आलेल्या सभागृहानं एक इच्छा व्यक्त केली म्हणून सभागृहच काढून घेणं, हे कॅनडाच्या न्यायालयानं सांगितलेल्या 'ऐकून घ्या' याच्या बरोबर उलट आहे.

पण सार्वमत म्हणून निवडणूक लढवण्यातला धोका नंतर कळतो. २०१३ मध्ये बेळगाव दक्षिण आणि खानापूर अशा दोन जागा समितीला मिळाल्या. २०१८ मध्ये समितीत दोन गट, एकाच मतदारसंघात दोघांचे दोन उमेदवार. खानापुरात समितीच्या दोन उमेदवारांच्या मतांची बेरीज निवडून आलेल्या काँग्रेस उमेदवारापेक्षा जास्त होती. बेरीज जास्त आणि आमदार शून्य! मग कन्नड चॅनेलवाले म्हणायला मोकळे, 'बघा, मराठी लोकांनीच सीमाप्रश्न संपवला.' तुम्हीच निवडणुकीला सार्वमत म्हणत होता ना? घ्या मग निकाल. २०२३ ला गट एकत्र आले, बेळगाव दक्षिणला समितीचा उमेदवार दुसरा आला, तरी आमदार शून्यच. म्हणजे 'एकी झाली की सगळं होतं' हेही अर्धसत्य निघालं.

मधल्या काळात २०२१ ची लोकसभा पोटनिवडणूक झाली. समितीनं शुभम शेळके या अगदी तरुण पोराला उभं केलं. त्याला १,१७,१७४ मतं पडली. भाजपच्या मंगला अंगडी जिंकल्या त्या अवघ्या ५,२४० मतांनी. म्हणजे समितीच्या मतांनी अख्ख्या निवडणुकीला घाम फोडला. आणि चारच महिन्यांनी, सप्टेंबरात, महापालिकेच्या निवडणुकीत भाजपनं पक्षचिन्हावर ५८ पैकी ३५ जागा घेतल्या, त्यात मराठी नगरसेवकही आले.

तोच मराठी मतदार. एप्रिलमध्ये लाखभर मतं समितीला देणारा सप्टेंबरात कमळावर बोट ठेवतो. तो गद्दार आहे का? मला नाही वाटत. त्याला गटार, पाणी, रस्ता यासाठी ज्याचं बंगळुरात वजन आहे असा नगरसेवक पाहिजे. काहींना हिंदुत्व जवळचं वाटतं. आणि यातल्या कुणालाही बेळगाव महाराष्ट्रात गेलं तर वाईट वाटणार नाही! गोव्याच्या मतदारानं १९६७ मध्ये जे केलं तेच हा करतोय, फक्त उलट्या बाजूनं. पक्ष वेगळा, मागणी वेगळी.

आणि आपण इकडचे तरी काय करतो? त्या २०२१ च्या पोटनिवडणुकीत देवेंद्र फडणवीस बेळगावात भाजपच्या प्रचाराला गेले आणि संजय राऊत समितीच्या. काँग्रेसचंही नवीन काही नाही. मुंबईत ठरावावर एकमतानं सह्या करायच्या आणि बेळगावात जाऊन समितीच्या विरोधात मतं मागायची. सह्या करताना मराठी माणूस, प्रचाराला जाताना राष्ट्रीय पक्ष. सोयीस्कर आहे.

आता आपलीच परीक्षा: विदर्भ

हा परिच्छेद कोल्हापुरात वाचायला जड जाणार आहे, पण वाचा.

१९५५ मध्ये फाजल अली आयोगानं स्वच्छ शिफारस केली होती की विदर्भ वेगळं राज्य करा. आपल्याला महाजन आयोगाची शिफारस नको होती म्हणून आपण ती फेटाळली, आणि विदर्भाला फाजल अली हवे होते ते त्यांना मिळाले नाहीत. त्याऐवजी १९५३ च्या नागपूर कराराची आश्वासनं मिळाली: विकासाच्या पैशात, नोकऱ्यांत, शिक्षणात न्याय्य वाटा. वर्षातून एक अधिवेशन नागपूरला होतं तेवढं त्यातलं आपल्या नजरेला दिसतं. ३७१ (२) कलमाखाली १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं झाली, त्यांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली.

विदर्भवाद्यांचं राजकारण मात्र समितीपेक्षा वेगळ्या रीतीनं फसलं. बापूजी अणे १९६२ मध्ये नागपुरातून खासदार झाले. १९७१ मध्ये जांबुवंतराव धोटे, विदर्भाचा वाघ, तिथूनच निवडून आले. पण नेता मोठा झाला की मोठा पक्ष त्याला आत घेतो, आणि आत गेला की मागणी दारात चपलांसारखी बाहेर राहते. धोटे पुढं काँग्रेसमध्ये गेले. भाजपनं १९९७ मध्ये भुवनेश्वरला वेगळ्या विदर्भाचा ठराव केला. २०१४ ला नागपूरचाच मुख्यमंत्री झाला, दिल्लीत बहुमत, मुंबईत सत्ता. विदर्भ झाला? नाही. २०१६ मध्ये महाधिवक्ता श्रीहरी अणे उघड बोलले, तर त्यांनाच राजीनामा द्यावा लागला.

समितीनं निवडणुकीलाच सार्वमत समजलं आणि विदर्भवाद्यांनी मोठ्या पक्षावर भरवसा ठेवला. दोघांच्याही हाताला काही लागलं नाही.

'विदर्भात विदर्भवादी पक्ष निवडून येत नाहीत, म्हणजे लोकांना विदर्भ नको' असं आपण म्हणतो. ठीक. मग समितीचे आमदार शून्य आहेत, म्हणजे बेळगावला महाराष्ट्र नको, हे बंगळूरचं म्हणणंही मान्य करा. नाही ना? मग पहिलंही सोडा. तराजू एक पाहिजे म्हणतो तो इथं.

शेजारचं तेलंगण बघा. २००९ च्या निवडणुकीत चंद्रशेखर राव यांच्या पक्षाचे फक्त १० आमदार आणि २ खासदार आले. दणकून हार. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते उपोषणाला बसले, ९ डिसेंबरला केंद्रानं तेलंगणाची घोषणा केली आणि २ जून २०१४ ला राज्य झालं. आंध्रच्या विधानसभेनं विधेयक फेटाळलं होतं तरी झालं, कारण आपल्या घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार राज्य तोडण्या-जोडण्याचा अधिकार संसदेचा आहे, राज्याचं फक्त मत घेतात. निवडणूक हरूनही मागणी जिंकली. (पुढं पक्षानं नावातलं 'तेलंगण' काढून 'भारत' टाकलं आणि २०२३ मध्ये सत्ता गेली.)

जतचं पाणी

तराजूची अजून एक बाजू. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातल्या चाळीस गावांवर दावा सांगितला. इकडं सगळे खवळले. पण त्यांनी आधार कशाचा घेतला? त्या गावांनीच पूर्वी दुष्काळाला कंटाळून कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते. तिथं कन्नड बोलणारे बरेच आहेत हे खरं, पण ठराव भाषेसाठी नव्हता, पाण्यासाठी होता. आणि बोम्मईंनी दावा केल्याबरोबर विस्तारित म्हैसाळ योजनेच्या फाइलला अचानक पाय फुटले.

थोडक्यात काय, माणूस 'मला दुसरीकडं जायचंय' म्हणतो तेव्हा दर वेळी त्याला नकाशा बदलायचा असतोच असं नाही. अनेकदा तो म्हणत असतो, 'माझं इथं कुणी ऐकत नाही.' सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्टमधून माणसं फुटून स्वतःचा फोर्क काढतात, त्यातल्या बहुतेकांची गोष्ट एकच असते. तक्रार केली, कुणी बघितली नाही, परत केली, कुणीतरी 'चालतंय की' म्हणून बंद केली. मग काय करणार?

मग करायचं काय

माझ्या पदरच्या चार सूचना. मी राजकारणी नाही, त्यामुळं फुकट आहेत.

एक, नेता आणि उमेदवार निवडायची रीत बदला. कॅनडाच्या लिबरल पक्षानं मार्च २०२५ मध्ये ट्रूडोंच्या जागी नेता निवडला तो दीड लाखावर सभासदांच्या मतदानानं, आणि मार्क कार्नी जवळपास ८६ टक्के मतं घेऊन आले. दुसऱ्या बाजूला विरोधी नेते पिएर पॉलिएव्ह एप्रिलमध्ये स्वतःची जागाच हरले. नेता कोण, हे तिथं सभासद आणि मतदार ठरवतात. आपल्याकडं? शिवसेना कुणाची हे फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि राष्ट्रवादी कुणाची हे फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगानं ठरवलं. समितीला तर कायमचं चिन्हही नाही. तिनं गावोगावच्या सभासदांची यादी करून, त्यांच्या गुप्त मतदानानं उमेदवार ठरवला, तर हरलेल्या गटाला 'बंद खोलीत ठरलं' म्हणायला जागा उरणार नाही. पोरं पुढं येतील ते वेगळंच.

दोन, निवडणुकीला सार्वमत म्हणणं बंद करा. विधानसभेत जायचं ते मराठी शाळा, मराठी कागद, शेतजमीन यासाठी, असं उघड सांगा. सीमाप्रश्न न्यायालयात आहे, तो आमदारांच्या संख्येवर ठरणार नाही. मग शून्य आमदारांमुळं तो संपतही नाही.

तीन, जे हक्क घटनेनं आधीच दिलेत ते भांडून घ्या. ३५० अ कलमानं मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण, ३५० ब नं भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त. पंधरा टक्क्यांवर अल्पसंख्य भाषक असतील तिथं सरकारी सूचना त्यांच्या भाषेत मिळाव्यात हे तत्त्व मान्य झालेलं आहे. बेळगावच्या शेतकऱ्याला जमिनीचा उतारा वाचता येत नाही आणि त्यासाठी कुणाच्या तरी हातापाया पडावं लागतं, हा आजचा त्रास आहे. तो उद्या नकाशा बदलेपर्यंत थांबणार का? आणि हो, हे मागताना जत, अक्कलकोटच्या कन्नड शाळांना आपण शिक्षक आणि पुस्तकं वेळेवर देतो का, हे आधी बघा. तिथं कमी पडलो तर तोंड कुठल्या तोंडानं उघडणार?

चार, विचारण्याची हिंमत ठेवा. १९६७ मध्ये आपल्याच देशात, गोव्यात, एका प्रश्नावर लोकांचा कौल घेता आला आणि देश काही बुडाला नाही. हरलेल्या बांदोडकरांनी तो निमूटपणे मान्य केला. बेळगावच्या वादग्रस्त गावांत तसा कौल घ्या असं आपण म्हणतो, तर विदर्भातही घ्या म्हणायला लागेल. स्पष्ट प्रश्न, स्पष्ट बहुमत. विदर्भ 'जातो' म्हणला तर मला वाईट वाटेल. पण आपल्याला वाईट वाटेल म्हणून कुणाला धरून ठेवायचं असेल, तर बंगळूरवाले दुसरं काय करतायत?

बेळगावच्या मराठी माणसाला आपण गेली सत्तर वर्षं सांगतोय की तू आमचा आहेस. त्यानं ते मानलं, त्यापायी मार खाल्ला, सरकारी नोकऱ्यांना मुकला. त्या बदल्यात त्याला आपल्याकडून घोषणा आणि ठराव मिळाले. निदान तो ज्याला न्याय म्हणतो तो आपण सगळ्यांना सारखा लावतो, एवढं तरी त्याला दिसू दे. नाहीतर त्याची लढाई ही न्यायाची आहे की नुसती आपल्या नकाशाची, हा प्रश्न एक दिवस तोच आपल्याला विचारेल.